मर्यादेत बसतं

चौथं खोकं उघडलं तेव्हा
कटरची धारही कंटाळली होती.
थर्माकोलचे दाणे मांजरीच्या अंगाला चिकटले
आणि मी, पूजेला बसल्यासारखा,
खिडकीला गोधडी लावून अंधार केला.

सिडकोत पुरता अंधार होत नाही.
उत्तमनगरच्या चौकातला हॅलोजन
गोधडीच्या टाक्याटाक्यांतून आत येतो.
तरी पडदा काळा केला
आणि डोळे सरावायची वाट पाहिली.

पहिल्याच्या कोपऱ्यातून उजेड गळायचा,
न्हाणीतल्या नळासारखा, वायसर बदलूनही गळणाऱ्या.
दुसऱ्यात काचेच्या आत एक चिलट मेलेलं,
वॉरंटीसकट.
तिसरा दोनशे चाळीस हर्ट्झवर नेला
की पापणी लवल्यासारखा लवायचा,
दुकानदारासमोर मात्र कधीच नाही.
आणि हा चौथा.
मधोमध, जरा डावीकडे,
एक हिरवा ठिपका.
मोहरीएवढाही नाही.

अठ्ठावन्न हजार.
दिवाळीचा बोनस, भिशीचा लागलेला नंबर,
आणि सलग अकरा रविवार.

आई म्हणाली, काहीतरी बसलंय बघ तिथं,
आणि पदराच्या टोकावर हाऽऽ करून
पुसायला लागली.
अडवलं नाही.
मीही पुसून पाहिलंच होतं.

फोनवरची बाई फार गोड बोलते.
सर, पाच ठिपक्यांपर्यंत पॅनल
स्वीकारार्ह मर्यादेत बसतं.
मी म्हटलं, पण तो बरोबर मध्यावर आहे.
ती म्हणाली, जागेचा उल्लेख नाही सर.
मग गाणं लागलं. मग फोन कटला.

मर्यादेत बसतं.
हे वाक्य मी ओळखतो.
ते माझ्याच तोंडचं आहे.

अंबडला, सात ते साडेतीन,
मी बुशचं भोक तपासतो.
गो गेज आत गेला पाहिजे,
नो-गो अडला पाहिजे,
एवढ्यावर आमच्या घरचा गॅस पेटतो.
मार्चच्या तीस तारखेला
नो-गो अर्धा आत गेला.
एका नगात नाही, ट्रेच्या ट्रे.
ठेटेसाहेब म्हणाले, डेव्हिएशनवर सोड, गाडी उभी आहे.
गाडी खरंच उभी होती,
ड्रायव्हर पायरीवर बसून तंबाखू मळत होता.
मी शिक्का मारला.
शाई हिरवीच असते आमची.
तीनशे चाळीस नग.

कुठं असतील ते आता?
कुठल्यातरी रिक्षाच्या पोटात
चढ लागला की कुरकुरत असतील,
आणि रिक्षावाला गॅरेजच्या दारात उभा राहून
ऐका ना, आता येईल बघा, आता येईल, म्हणत असेल,
आणि नेमका तेव्हा
आवाज येत नसेल.

रात्री गेम लावला. पैसे तर वसूल करायचे.
बर्फाचा डोंगर, धुकं, कड्यावर काहीतरी हललं.
श्वास धरून नेम घेतला
आणि सहाच्या सहा गोळ्या
ठिपक्यात घातल्या.
हेडफोनमध्ये मुफद्दल ओरडला,
अरे धुक्याला काय मारतोस!
तेवढ्यात मागून खरा आला
आणि मला मारून निवांत निघून गेला.

ठिपक्याचा फोटो काढायला गेलो
तर फोटोत ठिपका येत नाही,
माझ्या बोटांचे ठसे येतात.
तक्रारीच्या चौकटीत लिहिलं, पुरावा जोडला आहे,
आणि खोडलं.
उद्या नवा लॉट लागणार आहे, बाराशेचा.
ठेटेसाहेबांचा आत्ताच मेसेज आला, शेवटी हात जोडलेले.

आई दिवा मालवता मालवता म्हणाली,
असू दे रे. लांबून दिसत नाही.

मी खुर्ची मागे सरकवली.
अजून थोडी.
पाठीला भिंत लागली.
दिसत होता.