नाका

सकाळच्या कदंब बसने डिचोलीहून आली.
तिचं नाव इथे नाही. कायदा मना करतो,
आणि तो नसता
तरी मी लिहिलं नसतं.

पडद्याच्या अलीकडे ती, पलीकडे तो,
दर चवथीला माटोळीसाठी
रानातून कांगलां, घागऱ्या, आंबाडे आणून देणारा.
त्याला कुणी दार लावलं नाही कधी.

मी दुभाषी. पणजीच्या या खोलीत
कोकणीतून कोर्टाच्या भाषेत ने-आण करते.
बराच वेळ ती टेबलाची कड
नखाने खरवडत राहिली.
मग म्हणाली, "माका नाका आशिल्लें."

टायपिस्ट ऑर्लांद हळूच म्हणाला,
हे कशाला घ्यायचं?
अठराच्या आत होकारसुद्धा धरत नाहीत.
ती गप्प राहिली असती तरी गुन्हा तो गुन्हाच.

बरोबर होतं त्याचं.
कायद्याला तिचं नाका लागतच नाही.

तिला लागत होतं.

न्यायाधीशबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "जसंच्या तसं."
जुळवलेला तर्जुमा मी खोडला,
तिचाच शब्द ठेवला.
पान तेवीस, ओळ चौथी.

गावात हाच शब्द तिने
आधी दोघांना सांगितला होता.
तिथे दुभाषी लागत नव्हता.