डावा कोपरा

खाण बंद झाली, डंपरचे टायर मागे राहिले.
त्यातला एक आमच्या वाट्याला आला.
शाणूबाबांनी त्याला दोरखंड बांधला
आणि दोरखंडाला मला.

पिसुर्ल्याची माती लाल, मोजे लाल.
आई म्हणते, तुझ्या घामालाही गंज चढलाय.

"सकयल. आनी सकयल. मांडी जमिनीला समांतर.
टाच उचललीस तर परत एकपासून."
सव्वीस वर्षं पोकलेन चालवलं त्यांनी,
बोलतात अजून यंत्राशी बोलल्यासारखं:
कंबर लॉक. गुडघा बोटांच्या रेषेत.
ताकद खालून येते गो, वरचा हात नुसता दाखवायला.

छातीशी चिरा धरून वीस बैठका.
मग एका पायावर आठ.
उजवा निमूट करतो.
डावा दर वेळी काहीतरी विचारतो.
गेल्या वर्षी फोंड्यात तो आतल्या बाजूला वळला,
चढाईवाली अंगावर कोसळली
आणि सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला.
दुखणं आता आठवत नाही. आवाज आठवतो.

एप्रिलात सराव थांबला नाही, जागा बदलली.
दत्ताराम काकांच्या कोळंबीत उतरवलं आम्हा सातजणींना,
काजूची बोंडं मळायला.
निसरडी बोंडं पायाखालून सटकतात,
सापडला म्हणेपर्यंत निसटलेल्या घोट्यासारखी.
तासाभरात पोटऱ्यांचे दगड,
रस आपल्या वाटेने भांड्यात,
आणि वासानंच अर्पिताला उगाच हसू.
काका कडेला बसून म्हणाले,
चाळीस वर्षं मळतोय मी,
माझे सेट कुणी मोजले नाहीत.

साखळीला सामना होता.
उंच, लांब पायाची चढाईवाली
बोनस रेषेवर पाऊल टाकायला आली
आणि तिचा घोटा माझ्या दोन्ही हातांत.
ती ओढत राहिली मध्यरेषेकडे, अख्ख्या अंगानं,
मी बसले खाली, अजून खाली,
आणि तेव्हा कळलं,
की या वेळी टायर मी आहे.
दोरखंडाच्या त्या टोकाला दुसरंच कुणीतरी
लाल मातीत पाय रोवत धापा टाकतंय.

डाव्यानं काही विचारलं नाही.
विचारलं असेल तर ऐकू आलं नाही,
शिट्टी वाजत होती.

बाहेर आले तेव्हा शाणूबाब
पाण्याची बाटली पुढे करत एवढंच म्हणाले,
"टाच उचलली होतीस.
उद्या सहाला ये. एकपासून."