वेगळं काढलेलं

निवतीच्या बंदरात होड्या लागल्या की
मी बांगड्याची डोकी मागून घेते, उकडते
मिठाशिवाय, कांद्याशिवाय.
काटे डोळे मिटून काढते,
बोटांना जास्त दिसतं.

केळुसकरांची नवी सून कुंपणावरून हसते,
"कुत्र्याचा सोवळा पाळतंस काय गो?"

तिने खंड्याला पाहिलेलं नाही.

होडीच्या पूजेला शिरा केला होता,
मनुका मोजून नव्हे, ओंजळीने.
प्रसादाला कुणाला नाही म्हणू नये,
म्हणून एक द्रोण त्याच्याही पुढ्यात.
द्रोणासकट चाटला त्याने.
रात्री ओकला. तिसऱ्या दिवशी
पाणीसुद्धा पोटात ठरेना.
कुडाळच्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं?
मी म्हटलं, वाईट काहीच नाही.

मनुका, म्हणाले ते,
आणि चष्मा पुसत राहिले.

मांजरीचं बरं आहे.
सोलकढीतल्या लसणाचा वास आला
की नाक मुरडून पडवीत जाते.
हे नवं पिल्लू मात्र
उंबऱ्यावर हनुवटी टेकून
माझा प्रत्येक घास मोजतं.

नाही, म्हणते मी त्याला.
नाही रे बाबा.
हात मागे घेते,
त्याला अजून तुपाचा वास येतो.