कळ

तीस वर्षं मी पूल उघडते आणि मिटते.
लेउवार्डनच्या बाहेर, कालव्याच्या वळणावर
काचेची एक खोली, किटली, दुर्बीण
आणि हिरवी कळ. दाबली की
रस्ता मधोमध उभा राहतो.
सायकली थांबतात, शिडं जातात.
गळाच्या काठीवरून मी लाकडी बूट खाली सोडते,
बोटवाले त्यात नाणी टाकतात.
माझं काम एवढंच.

एकोणसाठावं वर्ष. पाळी जाऊन सात वर्षं झालेली,
आणि एका मंगळवारी चादरीवर रक्त,
कोटाच्या बटणाएवढं.
"आत जरा डोकावू," डॉक्टर हूखलांड म्हणाल्या,
जणू शेजारणीच्या घरात.

तरुणपणी तांबी बसवताना
त्या वेळच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, खोका.
मी खोकले, आणि खोकल्याच्या आडून
त्यानं चिमटा लावला.
"झालंसुद्धा," म्हणाला.
कुणाचं झालं, ते नाही म्हणाला.

या वेळी रूलीन नावाच्या नर्सनं
डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवला.
जंगल हवं, बर्फ, की समुद्र?
समुद्र, म्हटलं. पाण्याशी माझी ओळख आहे.

पण हे पाणी असं निळं
की आमच्या कालव्यानं तोंड लपवावं.
डिझेलचा वास नाही, भोंगा नाही.
खाली पाहिलं तर पाय नव्हते.
पोट नव्हतं. मांड्या, त्या थंड रिकिबी,
कमरेवरचा कागद, काहीच नव्हतं.
मी नुसती एक नजर, तरंगणारी.
ज्या अंगाला जन्मभर
अंग चोरून बसायला शिकवलं,
ते अंगच कुणी चोरून नेलं होतं.
बरं वाटलं. मग थोडा रागही आला.

डावीकडून एक कासव आलं.
मान वळवून माझ्याकडे पाहिलं
आणि प्रवाळाच्या कमानीखालून गेलं.

कळ आली.
आली, खोटं कशाला बोलू.
पण लांबून. धुक्यात न दिसणारी बोट
खांबाला घासते तेव्हा
आधी तळपायाला थरथर,
मग किटलीचं झाकण वाजतं, तशी.
कुणाच्या तरी खांबाला लागलं होतं.
माझ्याच.

त्या पाण्यात माझ्या हातात एक हात होता.
कोरडा, गरम, एका बोटात अंगठी.
समुद्रात कुठेच न दिसणारा.

पाच मिनिटं, म्हणाल्या होत्या.
मग डावीकडून कासव आलं.
तेच. पाठीवर तोच पांढरा ओरखडा,
तीच मान, तीच कमान.
फीत संपून पुन्हा सुरू झाली होती.
येणाऱ्याजाणाऱ्याची वेळ
तीस वर्षं वहीत लिहिणाऱ्या बाईला
हे कळायला कितीसा वेळ लागणार?
आठ मिनिटं झाली.
आत काहीतरी सापडलंय.

"काढा हे."
समुद्र कपाळावर सरकला.
छत, नळीदिवा,
रूलीनचा हात रूलीनला जोडलेला.
आणि पडद्यावर माझं आतलं: गुलाबी, ओलं,
एका कडेला लहानसं बोंड लोंबतंय,
आपल्याच नादात.
प्रवाळासारखं. म्हणवत नाही, पण होतं तसं.

"हे काढून घेते," हूखलांड म्हणाल्या,
"आता दुखेल. चष्मा घालायचा?"
नको, म्हटलं.
मग म्हटलं, घाला.
दोन्ही खरं होतं.

तिसऱ्यांदा कासव आलं
तेव्हा मी त्याचीच वाट बघत होते.

अहवाल दहा दिवसांनी.
गुरुवारी माझी पाळी होती,
कामावरची, दुसरी कधीच गेली.
धुकं होतं. भोंगा वाजला.
मी हिरवी कळ दाबली, ओटीपोट जरा धरून,
आणि रस्ता उठून उभा राहिला.
बोटीवर एक बाई, एकटीच.
बुटात नाणं टाकून तिनं वर पाहिलं:
पुढच्या पुलाला किती वेळ?

पाच मिनिटं, म्हणाले.
मग काच पूर्ण सरकवून ओरडून सांगितलं,
आठ धरा.