चेहरे शेवटी

आमच्याकडे झाड कोणी पाडत नाही.
फेब्रुवारीत बैत साहूरच्या खालच्या मळ्यांत छाटणी होते,
तेव्हा जैतुनाच्या फांद्या येतात नखलाकाकांच्या अंगणात,
ओल्या, जड.
मग नुसत्या पडून राहतात. एक उन्हाळा, दुसरा उन्हाळा.
घाई केली तर लाकूड सूड घेतं, काका म्हणतात,
गिऱ्हाइकाच्या कपाटात, मध्यरात्री,
तडकन उलतं.

करवतीवर इलियास.
ठोकळ्यावर पत्र्याचा साचा, पेन्सिलीची रेघ,
पट्टा किंचाळत वळला की बाहेर पडतो उंट,
चौकोनी, अजून बराचसा गाढव.
इलियासच्या डाव्या हाताला साडेचार बोटं आहेत.
उरलेल्या अर्ध्याबद्दल तो विचारू देत नाही.

पटाशी, बारीक पटाशी, चाकू.
मग मी.
ऐंशीचा कागद, एकशेवीसचा, दोनशेचाळीसचा.
उंटाच्या पायांमधल्या बोळात
पुरुषांची बोटं मावत नाहीत.
एकतीस वर्षं उंट घासतेय,
उंटावर एकदाही बसलेले नाही.
घरी जाते तेव्हा पापण्यांवर पिवळा भुसा.
पोरं विचारतात, आई, आज किती चालवलेस?

चेहरे शेवटी, आणि फक्त काका.
मेंढपाळाचं नाक, मरियमची खाली गेलेली पापणी,
एका रेघेचं काम.
ती चुकली की दोन उन्हाळे पाण्यात.

या हिवाळ्यात काकांच्या डोळ्यांवर पडदा आला.
फळीवर रांग वाढत गेली,
अठ्ठावीस मेंढपाळ, सगळे दाराकडे तोंड करून.
तोंड म्हणजे, जिथे असायला हवं तिथे.

इलियासने एक करून पाहिला.
तो वसुलीला आल्यासारखा बघत होता.

एका दुपारी काकांनी चाकू माझ्यापुढे सरकवला.
विदाद, तू घासतेस,
म्हणजे कुठे थांबायचं ते तुला कळतं.
नाक म्हणजे आणखी काय?

पहिल्यालाच गाठ निघाली, बरोब्बर गालावर,
काळी, मसुराएवढी.
मी तो शेगडीकडे न्यायला उठले.
काकांनी मागून घेतला. अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.
"अरे, हा तर सालेमचा धाकटा.
आमच्या बांधावर बकऱ्या सोडायचा, चोर.
असाच तीळ होता."

मग मी तेल लावलं.
लाकूड गडद झालं, तीळ आणखी गडद.
वर्तमानपत्रात गुंडाळून तो इतरांबरोबर खोक्यात गेला.
बिलावर इलियासने लिहिलं: मेंढपाळ, नग अठ्ठावीस.
तिळाचं वेगळं काही लिहिलं नाही.