सातव्या पिंजऱ्याचा पहारेकरी

क्लाक्सविकच्या खाडीत डिसेंबरचा उजेड
सकाळी दहाला येतो आणि तीनच्या आत आवरतं घेतो.
उरलेल्या वेळात माशांवर लक्ष ठेवतो
एक पर्लचा प्रोग्राम, वय एकोणीस,
टुम्मसने लिहिलेला, जो आता डोंगरावर मेंढ्या राखतो
आणि फोन उचलला तर उचलतो.

काम तसं सोपं: वाट पाहणं.
बारा पिंजरे, बारा सेन्सर, एक अखंड फेरा.
काही घडलं तर हाक मार, नाहीतर गप्प बस.
मंगळवारी रात्री सातव्यात प्राणवायू उतरला
आणि कोणीच हाक मारली नाही.
सकाळी हॉग्नीने नऊशे सालमन जाळीने वर काढले.
मोजताना माझ्याकडे पाहिलं नाही.
तेवढं पुरलं.

पहिला संशय झोपेवर.
मोडेम लागला नाही की पाच सेकंद थांब,
असं कोणीतरी मधेच लिहून ठेवलेलं.
या फेऱ्यात एकाने डुलकी काढली
की अख्खं गाव घोरतं;
बारा सेन्सर बोलत राहतात, ऐकणारं कोणी नाही.
ती ओळ उडवली. वाटलं, झालं.
बादलीत उकळून निववलेलं पाणी घेतलं,
सेन्सर बुडवला.
आकडा घसरला. घंटा नाही.

मग जागोजागी छापत सुटले:
इथे आलो. इथे आलो. इथवर आलो.
पडद्यावर शुकशुकाट, आणि वीस मिनिटांनी
सगळं एकदम, मोरी मोकळी व्हावी तसं.
ओळी साठवून ठेवायची त्याची जुनी खोड,
ती मोडायचं चिमुकलं चिन्ह मी विसरलेच होते.

रात्री दीडला एक ओळ आणखी घातली.
पहारेकऱ्या, तू आहेस का?
एवढंच. त्याच्या पोटातच त्याचं नाव छापणारी.
आणि घंटा वाजली.
ओळ काढली. वाजेना.
घातली. वाजली.
विचारलं तर आहे, न विचारलं तर नाही:
देवाबद्दल असलं काही आमचा पाद्री सांगतो, मी मान डोलावते.
मशीनकडून खपवून घेणार नव्हते.

आकडा घसरला की नेमायचा एक पहारेकरी,
तीस सेकंदांनी पाणी तसंच असलं तर ओरडणारा.
नेमला जात होता. डोळ्यांत तेल घालून उभाही राहिला असता.
पण नेमणुकीचा कागद कोणाच्याच हाती नव्हता,
आणि महिरपी कंस मिटताच
आतलं सगळं विरतं, तसा तो विरत होता,
एकही सेकंद न मोजता.
माझ्या त्या भाबड्या ओळीने त्याचं नाव धरून ठेवलं,
म्हणून तेवढ्यापुरता जगत होता.

पहाटे पाचला, मेंढ्यांना चारा टाकताना, टुम्मसने फोन उचलला.
मी त्याला बाहेर ठेवला होता, म्हणाला, उघड्यावर.
दिसायचं गबाळं. टिकायचं.
आत कोणी आणला?

जुन्या नोंदी उघडल्या.
ऑक्टोबर. साफसफाई, शिस्त, असा शेरा.
त्या नावाआधी घातलेला दोन अक्षरांचा शब्द,
ज्याचा अर्थ फक्त: माझं.
खाली सही, रन्वा.
मीच.
त्यानंतर प्राणवायू उतरला तो मंगळवारीच.

बराच वेळ त्या दोन अक्षरांकडे बघत बसले.
माझं म्हटलं की कंसापुरतं होतं,
हे शिकवलं होतं मला कोणीतरी, परीक्षेत लिहिलंही होतं.

आता एक वही आहे, पिंजऱ्याच्या क्रमांकाने.
नेमला की नाव लिहायचं,
वाजून झालं की खोडायचं,
नाहीतर काम संपलेलेही जागा अडवून बसतात.

पुन्हा बादली. पुन्हा तेच मेलेलं पाणी.
अठ्ठावीस. एकोणतीस.
धक्क्यापलीकडच्या पिवळ्या घरात दिवा लागला.

हॉग्नी बुटांत पाय कोंबत आला,
बादलीवर वाकला.
यात मासा कुठाय?
म्हणाला,
आणि माझ्याकडे पाहिलं.