उलटे आटे

पोंतार्लिएजवळच्या एका गोठ्यात सापडली,
वाळल्या गवताखाली.
नाव खरवडलेलं. रंग कधीतरी हिरवा असावा.
मडगार्डला कुणीतरी तांब्याच्या तारेनं टाके घातलेले.
सासऱ्यांची, म्हणाली गोठ्याची मालकीण,
गुरांचे डॉक्टर होते.
चाळीस युरो द्या, आणि ती बादलीही न्या.
बादलीही आणली.

सायकल फ्रेंच, हे मी धरूनच चाललो.
गोठा फ्रान्समधला, गाई फ्रेंच, बाई फ्रेंच,
मग सायकल आणखी कोण असणार?

बीबीची उजवी वाटी निघेना.
तेल पाजलं. दिव्यानं शेकलं. शिव्या घातल्या.
पान्याला हातभर नळी जोडून
साठी उलटलेला मी वर लोंबकळलो.
शेवटी वाटीच तडकली.
छिन्नीनं काढली मग, दातासारखी, तुकड्या-तुकड्यांनी,
आणि तेव्हाही म्हणालो: हट्टी होती.

पुढे नव्या वाटीचा शोध. नवी म्हणजे जुनी.
एक बझाँसोंहून आणली.
एक लीलहून टपालानं आली,
कुणाच्या तरी वीजबिलात गुंडाळलेली.
एक मेव्हण्याच्या गॅरेजमधून, त्याला न विचारता.
व्यास पस्तीस, पिळाचं अंतर एक मिलिमीटर.
कॅलिपर दर वेळी हो म्हणायचा.
फ्रेम नाही.

लूआँचा सोमवारचा बाजार.
कोंबड्यांच्या पिंजऱ्यांपलीकडे ओडेट ग्रोपेरँ बसते,
चीजच्या लाकडी डब्यांत
कॉटर पिना, छर्रे, शंकू, नट घेऊन.
मी माप सांगायला लागलो.
माप राहू दे, म्हणाली, आली कुठून ते सांग.
पोंतार्लिए.
पोंतार्लिएच्या कुठल्या अंगाला?
पूर्वेच्या, म्हणालो, डोंगराकडे.

तिनं माझ्या तळहातावर दोन वाट्या ठेवल्या.
सारख्या?
सारख्या.
आता नखानं बघ.
नख फिरवलं. एकीचे आटे उजवीकडे चढत होते,
दुसरीचे डावीकडे.
डोंगरापलीकडची आहे तुझी, मास्तर. स्विस.

चौतीस वर्षं मी मुलांना ती सरहद्द काढायला लावली,
टिंब आणि रेघ, टिंब आणि रेघ, लाल पेन्सिलीनं.
डॉक्टर तिच्यावरून रोज जात असेल,
कुठल्याशा अडलेल्या गाईसाठी, बर्फातून,
पायाखाली तोच उलटा पीळ घेऊन.
आणि मी? हिवाळाभर जे सोडवत होतो
ते घट्ट करत होतो.

किती द्यायचे? विचारलं.
विकायची नाही ती, ओडेट म्हणाली.
डब्याच्या तळाशी एकच होती,
सुतळीनं बांधलेली, सोबत पुठ्ठ्याची चिठ्ठी:
‘ठेवा. येतो. – बर्तिये, करडी सायकल.’
कधीची?
अकरा वर्षं झाली.

एका कोंबड्यानं मधेच बांग दिली, दुपारी.
तिनं थर्मासमधली उरलेली कॉफी ओतली,
अर्धी मला. बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, पत्ता लिहून ठेव.
आला तर तुझ्याकडे पाठवीन,
तुझी सायकल उलटी करून तू त्याला काढून देशील.
देशील ना?
हो म्हणालो. बारा युरो घेतले तिनं,
दोन परत दिले, का ते कळलं नाही.

घरी वाटी हातानंच गेली आत,
ग्रीस लावलेली, एकही शब्द न काढता.
वाटलं, शेवटचा फेरा राहू द्यावा,
बर्तियेला सोपं जाईल.
पण ढिली वाटी फ्रेमचेच आटे खाते.
तेव्हा नळी लावली, आणि या वेळी बरोबर बाजूला
पूर्ण वजन टाकलं.

चिठ्ठी सीटच्या खाली बांधली आहे, सुतळीसकट.
रविवारी नदीकाठानं जातो.
करडी सायकल दिसली की
आपोआप ब्रेक लागतो.